मोर्चा कुठे थांबणार?

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा नकाशा पाहिला की एका नावाखाली दोन शहरं दिसतात. एक तापीच्या उत्तर काठावरचं, तटाच्या आतलं. अठराव्या शतकात निजामुल्मुल्क आसफजाहच्या काळात बांधलेल्या विटांच्या तटाने वेढलेलं हे शहर जेमतेम दीड चौरस मैलांचं. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, राजघाट अशा दरवाजांतून आत जायचं. आत गांधी चौक, फारुकी सुलतानांची जामा मशीद, दाटीची बाजारपेठ आणि विणकरांच्या मोहल्ल्यांतला यंत्रमागांचा अखंड खडखडाट. दुसरं शहर तटाबाहेर पसरलेलं : लालबागकडचं रेल्वे स्टेशन, सरकारी कार्यालयं, केळीचा व्यापार आणि इंदूर–इच्छापूर महामार्ग. माळवा आणि खानदेश यांच्यातली मालवाहतूक याच रस्त्याने होते. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दोन लाख दहा हजारांच्या घरात होती.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळं होऊन जिल्ह्याचं ठिकाण झालं. त्याआधी नेपानगर, खकनार भागातल्या माणसाला गाऱ्हाणं घेऊन खंडव्याला जावं लागे. कलेक्टर इथे आला तसे मोर्चेही इथेच येऊ लागले. मात्र ज्या रस्त्यांवरून ते येतात ते रस्ते जिल्ह्याच्या ठिकाणाला साजेसे कधी झालेच नाहीत. प्रश्न बऱ्हाणपुरापुरता नाही. मराठी मुलुखातलं कोणतंही मध्यम शहर घ्या, जळगाव, अकोला, परभणी, सांगली. मोठा मोर्चा येणार म्हटलं की आदल्या रात्री वाहतूक बदलाचं पत्रक निघतं, सकाळी बॅरिकेड लागतात, दुपारी सगळं ठप्प होतं, आणि संध्याकाळी मोर्चेकरी व शहरवासी दोघेही एकमेकांवर चिडून घरी जातात. हे टाळता येतं का, कुठे टाळलं गेलं आणि कुठे माणसं जिवानिशी गेली, याचा हा आढावा आहे.

बऱ्हाणपूरने अलीकडे पाहिलेली सर्वांत गाजलेली पदयात्रा म्हणजे भारत जोडो यात्रा. ७ सप्टेंबर २०२२ रोजी कन्याकुमारीहून निघालेली ही यात्रा २३ नोव्हेंबरला बुलढाणा जिल्ह्यातून बोदरली गावाजवळ मध्य प्रदेशात शिरली आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातून पुढे खंडव्याकडे गेली. राजकारण बाजूला ठेवून वाहतुकीच्या अंगाने पाहिलं, तर अशी यात्रा सांभाळायला तुलनेने सोपी. तारीख महिनोन्‌महिने आधी ठाऊक, मार्ग ठरलेला, मुक्काम ठरलेला, आणि मुख्य म्हणजे ती पुढे सरकत राहते. ज्या गावचा रस्ता सकाळी बंद होतो तो दुपारी मोकळा होतो. अवघड पडतो तो शहरात येऊन थांबणारा मोर्चा.

थोडं गणित करून पाहू. दहा हजार माणसं आठ-आठच्या ओळीने चालली आणि दोन ओळींत दीड मीटर अंतर राहिलं, तर साडेबाराशे ओळी होतात. मोर्चाची लांबी पावणेदोन किलोमीटरच्या वर जाते. घोषणा देत, थांबत चालणारा मोर्चा तासाला तीन किलोमीटरच्या वेगाने सरकतो. म्हणजे कोणताही एक चौक ओलांडायला त्याला सदतीस-अडतीस मिनिटं लागतात. पाऊण तास चौक बंद राहिला तर कोणतंही शहर ते सहन करतं. लग्नाच्या मोसमात वरातींसाठी त्याहून जास्त वेळ बंद असतो. आता तोच मोर्चा अरुंद रस्त्यावर घातला आणि ओळीत चारच माणसं मावली, तर लांबी पावणेचार किलोमीटर होते आणि चौक सव्वा तास बंद राहतो. माणसं तेवढीच, गैरसोय दुप्पट. म्हणून ‘मुख्य रस्ता अडू नये, मागच्या रस्त्याने न्या’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटला तरी बहुतेक वेळा उलटा पडतो. मोर्चा रुंद रस्त्यावरूनच न्यावा, म्हणजे तो लवकर निघून जातो.

दरवाजाचं गणित याहून महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यात सपाट जमिनीवरच्या वाटेतून एका मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जाऊ शकतात असं धरलं आहे. वरचा आठच्या ओळींचा मोर्चा मिनिटाला सुमारे २६७ माणसं पुढे आणतो. वाटेत चार मीटरचं तोंड असेल तर ३२८ माणसं जाऊ शकतात; मोर्चा न अडता निघतो. तेच तोंड तीन मीटरचं असेल, किंवा चार मीटरमधला एक मीटर हातगाड्यांनी आणि उभ्या मोटारसायकलींनी खाल्लेला असेल, तर २४६च जातात. दर मिनिटाला एकवीस माणसं मागे साठत राहतात. दहा हजारांचा मोर्चा संपेपर्यंत आठशेच्या आसपास माणसं त्या तोंडाशी दाटलेली असतात, आणि मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नाही. कुणी दुष्टपणा केलेला नसतो, कुणी ढकललेलंही नसतं. एका मीटरची ही गोष्ट आहे. परकोटाच्या शहरात मोर्चा नेऊ देणाऱ्या अधिकाऱ्याने आणि तो नेऊ पाहणाऱ्या नेत्यानेही दरवाजा टेपने मोजल्याशिवाय सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सेऊलमधल्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री १५९ माणसं गेली. तिथे मोर्चा नव्हता, उत्सवाची गर्दी होती. उताराची गल्ली, लांबी चाळीसेक मीटर, अरुंद जागी रुंदी तीन मीटरच्या थोडी वर. दोन्ही टोकांनी लोक शिरले आणि मध्ये अडकले. त्याच सेऊलमध्ये २०१६-१७च्या हिवाळ्यात राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात आठवड्यामागून आठवडे लाखोंचे मेणबत्ती मोर्चे निघाले होते. पोलिसांनी घातलेली बंधनं न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने सैल केली, मोर्चा राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून शंभर मीटरपर्यंत गेला, आणि चेंगराचेंगरी झाली नाही. रस्ते रुंद होते, आयोजक होते, पोलीस त्यांच्याशी बोलत होते. इतेवॉनच्या रात्री यांतलं काहीच नव्हतं.

महाराष्ट्राला मात्र धडा घ्यायला इतकं लांब जावं लागत नाही. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर. हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन गोवारी समाजाची हजारो माणसं विदर्भाच्या खेड्यांतून आली होती. बायका होत्या, कडेवर मुलं होती. विधान भवनाच्या अलीकडे मॉरिस कॉलेजजवळच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला गेला. मागून माणसं येतच होती. सरकारकडून कुणीतरी येईल, निवेदन घेईल, म्हणून लोक तासन्‌तास ताटकळले. संध्याकाळी लोटालोटी झाली, लाठ्या चालल्या, आणि गर्दी जिकडे वाट दिसेल तिकडे धावली. वाट नव्हती, लोखंडी कठडे होते. ११४ माणसं चिरडून मेली, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं. आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोग बसला. झीरो माइलजवळ स्मारक झालं, आणि सीताबर्डीतल्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलं गेलं.

या घटनेचं वर्णन करताना बहुतेक जण लाठीमारापाशी थांबतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. त्या दिवशी मोर्चा जिथवर चालत होता तिथवर कुणाला इजा झाली नाही. तो जिथे थांबवला, तिथे त्याच्यासाठी तीन गोष्टी नव्हत्या : बसायला पुरेशी जागा, बाहेर पडायला दुसरी वाट, आणि ठरलेल्या वेळी येऊन बोलणारा जबाबदार माणूस. या तिन्हींची सोय आदल्या दिवशी कागदावर करता येते, खर्च जवळजवळ शून्य. आपल्याकडची वाहतूक पत्रकं वाचली तर त्यांत मोर्चाचा मार्ग तपशीलवार असतो, पर्यायी रस्ते असतात. मोर्चा संपतो त्या जागेबद्दल एक ओळ असते आणि माणसं परत कशी जातील याबद्दल तीही नसते. मला या सगळ्या विषयातलं मर्म इथेच दिसतं. चालणाऱ्या मोर्चाने शहराची तासाभराची अडचण होते; थांबलेल्या मोर्चाची सोय नसली तर दिवसांची होते, आणि कधी जिवावर बेतते.

याची दुसरी, उजळ बाजूही याच मातीतली आहे. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. वनजमिनींचे हक्क, कर्जमाफी आणि इतर मागण्या होत्या. चालणाऱ्यांत आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला हे लोक मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला असता तर दक्षिण मुंबईकडे जाणारी मुलं परीक्षेला मुकली असती. नेत्यांनी त्याच रात्री चालायचं ठरवलं. दिवसभराचे दमलेले, पायांना फोड आलेले लोक मध्यरात्रीनंतर उठले आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात जाऊन बसले. सोमवारी मुंबई नेहमीसारखी चालू होती. लोकांनी त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं, चपला दिल्या.

त्या रात्रीबद्दल खूप लिहिलं गेलं, ते बरोबरच आहे. संध्याकाळच्या घडामोडीबद्दल मात्र कमी बोललं जातं. १२ मार्चला सरकारने मागण्या मान्य केल्याचं लेखी दिलं, आणि मध्य रेल्वेने त्याच रात्री शिवाजी टर्मिनसवरून भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. हजारो माणसांचा परतीचा प्रश्न सुटला, मैदान मोकळं झालं. सरकार, आयोजक आणि रेल्वे यांनी एका दिवसात एवढं जुळवलं, तर महिनाभर आधी तारीख ठाऊक असलेल्या जिल्हा मोर्चासाठी दहा-वीस बसगाड्या जुळवणं अशक्य नाही.

मराठा क्रांती मोर्चांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार आणि हत्येनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत पहिला मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत. घोषणा नाहीत, पुढे मुली, शेवटी त्यांनीच निवेदन द्यायचं, स्वयंसेवकांनी रुग्णवाहिकेला वाट करून द्यायची, मागे राहिलेला कचरा उचलायचा. गावोगावच्या गाड्या शहराच्या सीमेवर, ज्या दिशेने आल्या त्याच दिशेच्या मैदानांत उभ्या करायच्या. मुंबईत ९ ऑगस्ट २०१७ रोजी भायखळ्याच्या जिजामाता उद्यानापासून आझाद मैदानापर्यंत मोर्चा निघाला तेव्हा दक्षिण मुंबईतल्या शाळांना सुटी होती, डबेवाल्यांनी त्या दिवशीची सेवा बंद ठेवली होती. शहराने आधीच स्वतःचं वेळापत्रक बदललं. संध्याकाळी रस्ते पूर्ववत झाले.

आठ वर्षांनी त्याच मैदानावर चित्र पालटलं. २९ ऑगस्ट २०२५ रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानात उपोषणाला बसले. गणेशोत्सव सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. परवानगी पाच हजार माणसांची आणि एका दिवसाची होती. आले ते कित्येक पट. ट्रक, टेम्पो, जीपगाड्या थेट शिवाजी टर्मिनसच्या परिसरात आल्या, स्टेशनसमोरचा चौक अडला, लोक रस्त्यावरच राहू लागले, रस्त्यावरच स्वयंपाक आणि आंघोळी होऊ लागल्या. १ सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने अटींचा भंग झाल्याचं सांगत रस्ते मोकळे करायला फर्मावलं. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासन निर्णय निघाला आणि उपोषण सुटलं.

आंदोलकांनी अटी पाळल्या नाहीत हे खरंच. पण पाच हजारांची अट घालणाऱ्यांनाही पाच हजारच येतील असं वाटत होतं, यावर विश्वास ठेवणं मला कठीण जातं. जानेवारी २०२४ मध्ये याच आंदोलनाची यात्रा अंतरवाली सराटीहून वाशीपर्यंत आली होती. किती लोक येतात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर लहान आकडा लिहिला की जबाबदारी आयोजकावर जाते, पण पाण्याचे टँकर, शौचालयं आणि वाहनतळ त्या लहान आकड्याच्याच हिशेबाने उभे राहतात. परवानगीतला आकडा हा सोयींचाही आकडा असतो, हे विसरलं की शहर पाच दिवस अडकतं. येणार असतील तेवढी माणसं गृहीत धरावीत, त्यांना पुरेल अशी जागा द्यावी, आणि ती शहराच्या मध्यात नसेल तर तसं आधीच स्पष्ट सांगावं.

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. निःशस्त्र, शांततेने एकत्र जमण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे; सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. १९७२ साली हिम्मतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की सरकार रस्त्यावरच्या सभांचं नियमन करू शकतं, पण त्यांना सरसकट मनाई करू शकत नाही. दिल्लीतल्या जंतरमंतरवरच्या आंदोलनांच्या प्रश्नावर २०१८ मध्ये, राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या याचिकेत, आंदोलकांचा हक्क आणि रहिवाशांचा हक्क यांचा तोल राखायला सांगितलं गेलं. दिल्लीतल्याच शाहीन बागच्या धरण्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की सूत्र दिसतं : चालणाऱ्या, ठरावीक वेळेत संपणाऱ्या मोर्चाला कायदा बऱ्यापैकी उदार आहे, अनिश्चित मुक्कामाला नाही.

मध्य प्रदेशात १८६१चा पोलीस कायदा लागू आहे. त्याच्या तिसाव्या कलमाखाली पोलीस अधीक्षक मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवू शकतात, परवाना मागू शकतात. इंदूर आणि भोपाळमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालयं आहेत; बऱ्हाणपुरात कलेक्टर, एसडीएम आणि एसपी हीच व्यवस्था. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं आहे. हे कलम धोका टाळण्यासाठी आहे, वाहतूक सांभाळण्यासाठी नाही. पुन्हा पुन्हा तेच आदेश काढणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर, असं सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये बजावलं आहे.

देशाबाहेर थोडं वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९८६च्या कायद्यानुसार मिरवणुकीची सहा दिवस आधी लेखी सूचना द्यायची असते. ती सूचना असते, विनंतीअर्ज नसतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९८५ साली ब्रोकडॉर्फ अणुवीज केंद्राविरुद्धच्या निदर्शनांच्या निकालात पोलिसांनी आयोजकांशी सहकार्य करावं असं तत्त्व घालून दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० मध्ये म्हटलं की वाहतूक खोळंबली एवढ्यावरून सभा किंवा मोर्चा शांततापूर्ण नाही असं ठरत नाही. आपल्याकडे ‘परवानगी’भोवती सगळं फिरतं, म्हणून आयोजक शेवटच्या दिवसापर्यंत मार्ग लपवतात आणि पोलीस शेवटच्या दिवसापर्यंत उत्तर देत नाहीत. दोघांच्या या लपाछपीत रस्त्याचं नियोजन करायला वेळच उरत नाही. आठवडाभर आधी सूचना आणि तीन दिवसांत लेखी उत्तर, एवढं झालं तरी निम्मा गोंधळ कमी होईल.

खरं तर मराठी माणसाला हे शास्त्र कुणी शिकवायची गरज नाही. आषाढीची वारी दरवर्षी घाट, महामार्ग आणि पुण्यासारखी शहरं ओलांडून पंढरपूरला जाते. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. रथापुढे सत्तावीस, बाकीच्या रथामागे. आपण कुठे चालायचं ते वारकऱ्याला ठाऊक असतं, म्हणून हरवला तरी दिंडी सापडते. पालखी पुढे गेली की पोलीस मागचा रस्ता खुला करतात. सबंध मार्ग दिवसभर बंद ठेवत नाहीत. दिवे घाट केव्हा बंद होणार आणि केव्हा उघडणार ते आधी जाहीर होतं. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती तळावरची समाजआरती. चोपदाराने चोप उंचावला की टाळ थांबतात, पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकून घेतो, आणि त्यानंतर आरती होते. लाखोंच्या समुदायात असमाधानी माणसाकडे जबाबदार माणसाने चालत जायचं, ही रीत वारीने पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. नागपूरच्या टी-पॉइंटवर त्या संध्याकाळी नेमकं हेच घडलं नाही.

बऱ्हाणपूर या परंपरेपासून लांब नाही. मुक्ताईंची पालखी निघते ते कोथळी-मुक्ताईनगर इच्छापूर ओलांडलं की येतं. आणि मध्य प्रदेशाचा स्वतःचाही अनुभव आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये पी. व्ही. राजगोपाल यांच्या एकता परिषदेने ग्वाल्हेरहून दिल्लीपर्यंत पंचवीस हजार भूमिहीनांची जनादेश यात्रा नेली. २०१२च्या जन सत्याग्रहात त्याहून मोठा समुदाय निघाला आणि आग्र्याला केंद्र सरकारशी करार होऊन थांबला. महामार्गाच्या कडेनेच चालणं, तिथेच जेवणं, तिथेच झोपणं. हजारो अक्षरओळख नसलेल्या माणसांनी ही शिस्त पाळली, ती तुकड्या आणि त्यांचे प्रमुख आधीपासून ठरलेले होते म्हणून.

तर बऱ्हाणपुरात काय व्हावं? आधी इथे कोण येतं ते पाहिलं पाहिजे. नेपानगर भागातल्या जंगलतोडीविरुद्ध जागृत आदिवासी दलित संघटनेच्या झेंड्याखाली आदिवासी स्त्री-पुरुष गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन ठाण मांडत आले आहेत. विणकरांची, केळी उत्पादकांची आंदोलनं आहेतच. विणकर शहरातलाच, काम थांबवून येतो, दोन तासांनी मागावर परत जातो. केळीवाला ट्रॅक्टर घेऊन येतो. त्याच्या मोर्चाची लांबी माणसांनी नव्हे, ट्रॅक्टरांनी ठरते. आदिवासी पहाटे पिकअपमध्ये बसून चाळीस-पन्नास किलोमीटरवरून येतो, भाकरी बांधून आणतो, आणि उत्तर मिळेपर्यंत परत जाणार नाही असं ठरवून येतो. तिघांसाठी एकच बंदोबस्ताचा साचा वापरला की तो तिघांनाही लागू पडत नाही.

परकोटाच्या आत मोर्चा न्यायचाच असेल तर एका दरवाजाने आत आणि दुसऱ्याने बाहेर, आणि मध्ये कुठेही सभा नाही. ज्या दरवाजाने शिरले त्याच दरवाजाने परतणं कधीही मान्य करू नये. गल्ल्यांतल्या रुग्णांसाठी एक दरवाजा पूर्ण मोकळा राहिला पाहिजे, तिथे मोर्चा नाही आणि बॅरिकेडही नाही. १६ जून २०१९ला हाँगकाँगच्या अवाढव्य मोर्चाने रुग्णवाहिका येताच दुभंगून वाट दिली, ते दृश्य जगाने पाहिलं. पण ते रुंद रस्त्यावर घडलं. तटाच्या आत माणसांना बाजूला व्हायला जागाच नसते, म्हणून वाट आधीच राखून ठेवावी लागते.

महामार्गाची गोष्ट निराळी. केळी तोडल्यावर थांबत नाही. भरलेला ट्रक मे महिन्यात पाच-सहा तास उन्हात उभा राहिला की माल उतरतो आणि भाव पडतो, आणि तो तोटा सरकारला नव्हे, शेतकऱ्याला होतो. मोर्चा असेल त्या दिवशी ट्रक भरण्याच्या वेळा पुढेमागे करणं, जड वाहनं इच्छापूर आणि असीरगडच्या बाजूलाच थांबवून टप्प्याटप्प्याने सोडणं, हे व्यापाऱ्यांना दोन दिवस आधी सांगितलं तर जमतं. रात्री दहाला पत्रक काढून जमत नाही. तोपर्यंत ट्रक भरलेला असतो.

या शहराने ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल आणि संचारबंदी पाहिली आहे. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या मनात प्रत्येक मोठ्या जमावाबद्दल धास्ती असते, आणि ती मला समजते. पण केळीच्या भावासाठी आलेला शेतकरी आणि दंगलखोर यांना एकाच नजरेने पाहिलं की वाहतुकीचा प्रश्न पोलिसी प्रश्न होऊन बसतो. मग मार्ग ठरवण्याऐवजी माणसं उचलली जातात. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बऱ्हाणपूरच्या एका आदिवासी कार्यकर्त्यावरचा जिलाबदरचा, म्हणजे तडीपारीचा, आदेश रद्द केला आणि राज्य सरकारला पन्नास हजार रुपये दंडही लावला. वाहतूक आराखड्याशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा की मोर्चाची शिस्त राखू शकणारी, ओळींपुढे चालून लोकांना थांबवू शकणारी माणसं तीच असतात. त्यांनाच जिल्ह्याबाहेर काढलं तर एसपींनी बोलायचं कुणाशी?

म्हणून पहिलं काम बैठकीचं. आयोजक, एसडीएम, एसपी, वाहतूक पोलीस, महापालिका, जिल्हा रुग्णालय, शाळांचे प्रतिनिधी आणि केळी व्यापारी एका टेबलाशी. त्या बैठकीतून एक पान निघावं, हिंदी, मराठी आणि उर्दूत. पानावर प्रत्येक रस्ता किती वाजता बंद होणार, किती वाजता उघडणार, आणि तो उघडण्याचा आदेश कोणता अधिकारी देणार, त्याचं पद आणि फोन. रस्ता बंद करायला आपल्याकडे दहा जण हजर असतात. उघडायची जबाबदारी नेमकी कुणाची ते ठरलेलं नसतं, म्हणून मोर्चा गेल्यावरही दोन-दोन तास बॅरिकेड तसेच उभे राहतात.

त्याच पानाच्या खालच्या भागात मैदान असावं. पाण्याचे टँकर कुठे, बायकांसाठी आडोसा आणि शौचालय कुठे, सावली कुठे. खकनारच्या गाड्या कोणत्या बाजूला, नेपानगरच्या कोणत्या. आणि कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी निवेदन घ्यायला किती वाजता मैदानात येणार, ती वेळ छापलेली असावी. चार म्हटलं तर चारलाच. उशीर होणार असेल तर साडेतीनला ध्वनिक्षेपकावरून सांगावं, म्हणजे लांबच्या गाड्यांतल्या लेकुरवाळ्या बायकांना अंधार पडायच्या आत निघायचं की थांबायचं ते ठरवता येईल.